स्ट्रेसचा आकडा आणि त्यामागचा आलेख

शॉट पीनिंग केलेले (म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबलेले) शाफ्ट आणि गिअर यांचा रेसिड्युअल स्ट्रेस, म्हणजे बाहेरून बल नसतानाही धातूत उरलेला ताण, एक्स-रेने मोजून देणाऱ्या एका लॅबकडे आमचं काम बरीच वर्षं जातं. ही सेवा घ्यावी का, असं ओळखीतले मेटलर्जीवाले आणि क्वालिटीवाले मला नेहमी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. घ्यावी. पण डोळे झाकून घेऊ नये. काय मागायचं हे ठाऊक असेल तर या लॅबच्या रिपोर्टमधून जे कळतं ते हार्डनेस टेस्टर, मायक्रोस्कोप आणि अल्मेन स्ट्रिप (पार्टबरोबर पीन केलेली चाचणीची पट्टी) मिळूनही कळत नाही. ठाऊक नसेल, तर उणे चिन्ह असलेला एक आकडा हातात पडतो आणि तो फाइलला लागतो.

गरज कुठून येते ते आधी सांगते. शाफ्ट बहुतेक वेळा फिलेटपाशी, म्हणजे व्यास बदलतो त्या वळणावर, फटिगने, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने, तुटतो. भेग पृष्ठभागावर सुरू होते. तिथला थर आधीच दाबलेल्या अवस्थेत असेल, म्हणजे कॉम्प्रेसिव्ह, तर बाहेरून येणाऱ्या ओढीला आधी तो दाब संपवावा लागतो आणि मगच भेग उघडते. शॉट पीनिंग करायचं ते यासाठीच. प्रश्न असा की तो दाब खरोखर बसलाय का? अल्मेन स्ट्रिपची वक्रता बघून शॉटचा मारा किती जोराचा झाला ते समजतं, पण स्ट्रिप वेगळ्या स्टीलची, वेगळ्या जागी बांधलेली असते. फिलेटच्या तळाशी काय झालं ते तिला माहीत नसतं. त्यानंतर ग्राइंडिंगमध्ये चाक जरा तापलं की वरचे काही मायक्रॉन टेन्साइल, म्हणजे ओढलेले, होऊन बसतात. माप बरोबर, हार्डनेस बरोबर, पार्ट पास. आणि फील्डमधून तुटून परत येतो.

एक्स-रे इथे जे करतो ते मला आजही विलक्षण वाटतं. धातूच्या स्फटिकात अणूंचे थर ठराविक अंतरावर रचलेले असतात. धातूवर ताण असेल तर ते अंतर बदलतं. म्हणजे धातूतच स्ट्रेन गेज बसवलेले आहेत, आपण फक्त ते वाचायचे. स्टीलसाठी क्रोमियमची ट्यूब वापरतात. तिच्या किरणांची तरंगलांबी सुमारे २.२९ अँगस्ट्रॉम. लोखंडाच्या २११ थरांमधलं (२११ हा थरांच्या दिशेचा क्रमांक) अंतर सुमारे १.१७ अँगस्ट्रॉम, त्यामुळे ब्रॅगच्या नियमाने (तो थरांमधलं अंतर आणि तरंगलांबी यांवरून परावर्तनाचा कोन देतो) परावर्तनाचं शिखर टू-थीटा, म्हणजे किरण जितके वळतात तो कोन, १५६ अंशांच्या आसपास येतं. किरण जवळजवळ आल्या वाटेने परत फिरतात म्हणायला हरकत नाही. मुद्दाम इतका मोठा कोन घेतात, कारण अंतरातल्या त्याच फरकाने शिखर किती सरकेल हे थीटाच्या, म्हणजे त्या कोनाच्या निम्म्याच्या, टॅन्जंटवर ठरतं. त्याच ट्यूबने ११० थरांचं शिखर ६९ अंशांच्या जवळ मिळतं, दिसायला ठळक असतं, पण तिथलं सरकणं साधारण एक सप्तमांश. १५६ अंशांवरसुद्धा नमुना सरळ ठेवून आणि मग ४५ अंश कलवून घेतलेल्या शिखरांमध्ये ४०० मेगापास्कल स्ट्रेसमुळे पडणारा फरक सुमारे ०.६ अंशाचा असतो. १० मेगापास्कल म्हणजे ०.०१६ अंश. या आकड्यांकडे बघितलं की यंत्राची अलाइनमेंट किती जपावी लागत असेल याची कल्पना येते.

या बाबतीत लॅबला पूर्ण गुण. प्रत्येक बॅचच्या आधी ते ताणरहित लोखंडाच्या भुकटीवर मोजमाप घेतात आणि तो आकडा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर छापतात. एएसटीएम ई९१५ प्रमाणे तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे १४ मेगापास्कलच्या आत असायला हवा. त्यांचा बहुतेक वेळा त्याहून बराच आत असतो. दुसरी एक लॅब आम्ही पूर्वी वापरायचो, तिथे भुकटीचं रीडिंग मागितलं की ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे ना’ असं उत्तर यायचं. सर्टिफिकेट वर्षातून एकदा मिळतं. गोनिओमीटरला, म्हणजे कोन मोजणाऱ्या भागाला, धक्का कधीही लागू शकतो.

कुणाकडे तांब्याची ट्यूब असलेलं साधं डिफ्रॅक्टोमीटर असेल आणि ते ‘त्यावरच करून देतो’ म्हणाले, तर स्टीलच्या पार्टसाठी नको म्हणा. तांब्याच्या किरणांची ऊर्जा सुमारे ८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लोखंडाची के-कड (ज्या ऊर्जेच्या वर लोखंड किरण शोषून स्वतःचे किरण सोडतं) ७.१ वर. त्यामुळे लोखंड स्वतःच फ्लुओरेसन्सने उजळतं आणि शिखर त्या पार्श्वभूमीत बुडतं. क्रोमियमची ऊर्जा ५.४, कडेच्या खाली, म्हणून चित्र स्वच्छ मिळतं.

आता रिपोर्टकडे येते, कारण ही लॅब आवडण्याचं खरं कारण तिथे आहे. मोजमाप साइन-स्क्वेअर-साय पद्धतीने (साय म्हणजे नमुन्याचा कल) होतं. नमुना वेगवेगळ्या कोनांत, दोन्ही बाजूंना कलवायचा, प्रत्येक वेळी थरांमधलं अंतर काढायचं आणि ते कलाच्या साइनच्या वर्गासमोर मांडायचं. सगळं आदर्श असेल तर बिंदू एका सरळ रेषेवर पडतात आणि रेषेच्या उतारावरून स्ट्रेस निघतो. पीन केलेल्या शाफ्टची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते. उतरती म्हणजे कॉम्प्रेसिव्ह. बरेच लोक हा आलेख देत नाहीत, फक्त शेवटचा आकडा देतात. ही लॅब प्रत्येक बिंदूचा आलेख जोडते, मागितल्याशिवाय. आणि आकडा खरा की खोटा हे त्या आलेखावरच कळतं.

आमचा ग्राइंड केलेला एक शाफ्ट त्यांच्याकडे गेला होता. त्याच्या आलेखात अधिक कलाचे बिंदू वरच्या रेषेत आणि उणे कलाचे खालच्या, अशी कात्रीसारखी दोन टोकं उघडलेली. याला साय-स्प्लिटिंग म्हणतात. चाकाने पृष्ठभाग एका दिशेला घासत नेला की थरात शिअर, म्हणजे सरकवणारा ताण, राहतो आणि तो असा दिसतो. अधिक आणि उणे दोन्ही बाजू मोजल्या नसत्या तर एकाच फाट्यावरून उतार काढला गेला असता आणि आकडा साफ चुकला असता. त्यांनी दोन्ही फाटे दाखवले, नॉर्मल आणि शिअर वेगळे लिहिले, आणि खाली शेरा दिला की ग्राइंडिंगची दिशा आमच्या खुणेशी जुळते. खूण मीच केली होती. ही गोष्ट नव्याने सेवा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: पार्टवर पर्मनंट मार्करने अक्षाची दिशा, मोजायची जागा आणि ग्राइंडिंगची दिशा आखून पाठवा. स्ट्रेसला दिशा असते. ‘शाफ्टचा स्ट्रेस’ असं काही नसतं. शक्य असेल तर पार्ट कापू नका. कापला की ताण मोकळा होतो आणि जे मोजायचं तेच निघून जातं. कापल्याशिवाय फिलेटपर्यंत किरण पोहोचतच नसतील, तर आधी स्ट्रेन गेज चिकटवून कापताना किती सुटलं ते नोंदवून घ्या. ते हे करून देतात, मात्र आधी सांगावं लागतं.

आलेखात बिंदू रेषेभोवती लाटेसारखे वरखाली होत असतील तर तो टेक्स्चरचा परिणाम. रोल केलेल्या पत्र्यात बहुतेक स्फटिक एका ठराविक दिशेला वळलेले असतात, आणि लोखंडाचा एकेक स्फटिक सगळ्या दिशांना सारखा ताठ नसतो. घनाच्या आरपार जाणाऱ्या कर्णाच्या दिशेला तो घनाच्या कडेच्या दिशेपेक्षा दुपटीहून जास्त ताठ असतो. अशा लाटेतून सरळ रेषा ओढता येते, पण तिच्या उताराला काय अर्थ उरतो? त्यांच्या रिपोर्टमध्ये अशा वेळी एरर मोठी दाखवतात, लपवत नाहीत.

खोलीबद्दल. क्रोमियमचे किरण स्टीलमध्ये साधारण ५ मायक्रॉन शिरतात, त्यापुढचं त्यांना दिसत नाही. पीनिंगचा सर्वात मोठा दाब मात्र पृष्ठभागावर नसतो, खाली काही दशक मायक्रॉनवर असतो. म्हणून फक्त पृष्ठभागाचं एक रीडिंग घेऊन पीनिंग पास-नापास करणं मला पटत नाही. खोलीचा आलेख घ्यायचा तर थर काढत जावं लागतं, आणि तो इलेक्ट्रोपॉलिशिंगनेच (विजेने विरघळवून) काढायचा. घासून किंवा मशीनिंगने काढला तर तुम्ही नवीन स्ट्रेस घालता. ही लॅब नाण्याएवढी जागा मोकळी ठेवून बाकी मास्क करते, थोडं विरघळवते, खोली मोजते, पुन्हा एक्स-रे. वेळ जातो, पण हा आलेख पैसे वसूल करतो. आमच्या एका गिअरला वरवर चांगला दाब दिसत होता आणि थोडं खाली तो झपाट्याने ओसरत होता. पीनिंगचा मारा कमी पडत होता, हे कुठल्याच दुसऱ्या चाचणीने सांगितलं नव्हतं.

त्यांच्या रिपोर्टमधला मला सर्वात जास्त आवडणारा रकाना म्हणजे शिखराची रुंदी. तो लोक वाचत नाहीत याचं वाईट वाटतं. क्रोमियमचे के-अल्फा किरण खरं तर दोन, किंचित वेगळ्या तरंगलांबीचे असतात, आणि १५६ अंशांवर त्यांची शिखरं सुमारे ०.९ अंशाने वेगळी पडतात. लोखंडाच्या मऊ भुकटीचा आलेख बघा, दोन कुबडं स्पष्ट दिसतात. कडक केलेल्या स्टीलचा बघा, एकच रुंद टेकडी. स्फटिकांत डिसलोकेशन, म्हणजे रचनेतले दोष, ठासून भरलेली असतात, प्रत्येक बारीक भागात थरांचं अंतर थोडं वेगळं असतं, आणि सगळ्या शिखरांची बेरीज होऊन ती पसरते. स्ट्रेसचा आकडा सांगतो की शिखर सरकलं किती. रुंदी सांगते की धातूत आतून किती उलथापालथ झाली आहे. मऊ स्टीलवर पीनिंग केलं की रुंदी वाढते. कडक मार्टेन्साइटवर (झटकन थंड करून कडक झालेल्या स्टीलच्या रचनेवर) केलं तर उलट कमी होते, कारण डिसलोकेशनची नव्याने मांडणी होते. दोन बॅचचा स्ट्रेस सारखा आणि रुंदी वेगळी आली तर हीट ट्रीटमेंटकडे जाऊन टेम्परिंगचा चार्ट बघा.

आता एक प्रसंग, ज्यामुळे माझा या लोकांवर विश्वास बसला. ड्रॉइंगच्या प्रयोगासाठी आम्ही मध्यम कार्बन स्टीलचे काही बार सरळ ओढून प्लास्टिक अवस्थेपर्यंत, म्हणजे कायमचे लांब होईपर्यंत, ताणले होते आणि सोडून दिले होते. पूर्ण छेद सारखाच ताणला गेला, तेव्हा नंतर काही उरू नये असा हिशोब. एक्स-रेने अक्षाच्या दिशेला शंभराच्या आसपास मेगापास्कलचा कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेस दाखवला. आमच्याकडे लगेच ‘बार ओढला की फुकटात दाब मिळतो’ अशी चर्चा सुरू झाली. तिथल्या अ‍ॅनालिस्टचा फोन आला. ते म्हणाले, “मॅडम, हा आकडा डिझाइनला असाच देऊ नका. मी थर काढत आत गेलोय, आतही तेवढाच येतोय. मग याला तोलून धरणारी ओढ कुठे आहे?”

प्रश्न बिनतोड होता. बाहेरून बल नसताना कुठल्याही छेदातला दाब आणि ओढ यांची बेरीज शून्यच व्हायला हवी. सगळ्या खोलीवर दाबच दिसत असेल तर तोल दुसरीकडे आहे. तो होता सिमेंटाइटमध्ये, म्हणजे स्टीलमधल्या कडक लोह-कार्बाइडमध्ये. किरण फक्त फेराइटचे, म्हणजे स्टीलमधल्या मऊ लोखंडाचे, थर वाचतात. ताणताना मऊ फेराइट वाहतो, कडक सिमेंटाइट वाहत नाही. सोडल्यावर सिमेंटाइट ओढलेला राहतो आणि त्याच्या बदल्यात फेराइट दाबलेला. सगळे स्फटिक फेराइटचेच असले तरी असं काही घडू शकतं, कारण दिशेनुसार काही स्फटिक आधी वाहतात, काही नंतर, आणि सोडल्यावर एकमेकांना अडवून बसतात. प्लास्टिक विकृतीनंतर थरांमध्ये उरणाऱ्या या विकृतींवर ग्रीनो यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलं आहे. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं, फक्त ते फेराइटबद्दल बोलत होतं, बारबद्दल नाही. बारला फटिगमध्ये त्या शंभर मेगापास्कलचा तसा फायदा नव्हता. नुसता आकडा पाठवून बिल लावता आलं असतं. त्यांनी फोन केला, वर तेवढ्यासाठी आणखी थर काढून बघितले होते.

नाही म्हणण्याची हिंमतही त्यांच्यात आहे. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डचा एक नमुना आम्ही पाठवला होता. वेल्डमध्ये स्फटिक मोठमोठे असतात. किरणांच्या एक-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात मोजकेच येतात. मग परावर्तनाचं वर्तुळ अखंड न दिसता तुटक ठिपक्यांचं दिसतं आणि सरासरी काढायला पुरेसे स्फटिकच नसतात. त्यांनी त्या वर्तुळाचं चित्र पाठवलं आणि लिहिलं की या जागी आकडा देणार नाही, होल ड्रिलिंग (छोटं भोक पाडून सुटलेला ताण मोजणं) करून घ्या. मला हे एका आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटलं.

ते चित्र आलं त्यांच्या पोर्टेबल यंत्रातून. त्याबद्दलही विचारणा होते. हे यंत्र पार्टजवळ नेता येतं, एकाच कोनातून एकदाच किरण सोडतं, पूर्ण डिबाय वर्तुळ, म्हणजे वर सांगितलेलं परावर्तनाचं वर्तुळ, टिपतं आणि वर्तुळ किती बिघडलंय त्यावरून स्ट्रेस काढतं. कॉस-अल्फा पद्धत म्हणतात तिला, जपानमध्ये १९७८ च्या सुमारास मांडली गेली. गोनिओमीटर नाही, काम झटपट होतं. मोठा पार्ट हलवणं शक्य नसेल तर दुसरा पर्याय फारसा नाही. टेक्स्चर नसलेल्या, बारीक दाण्याच्या पीन केलेल्या स्टीलवर त्याचे आणि साइन-स्क्वेअर-सायचे आकडे आमच्याकडे छान जुळले. पण रोल केलेल्या किंवा खोलीनुसार झपाट्याने बदलणाऱ्या थरावर मी अजूनही अनेक कोनांतलं मोजमाप मागते. एका कोनात सगळं एकदाच मिळतं, हेच त्याचं बळ आणि हीच त्याची मर्यादा.

तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. पहिली, इलॅस्टिक कॉन्स्टंट. उतारावरून स्ट्रेस काढताना एक स्थिरांक लागतो, आणि तो स्टीलच्या हँडबुकातल्या यंग्ज मॉड्युलसवरून काढायचा नसतो, कारण आपण २११ थर मोजतोय, सगळ्या दिशांची सरासरी नाही. हँडबुकाने तो सुमारे १६४ गिगापास्कल येतो, २११ साठी वापरतात तो सुमारे १७२. फरक पाच टक्क्यांचा. रिपोर्टमध्ये कुठला वापरला ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर ही ओळ आधी बघावी लागते; ती आकड्याच्या शेजारी हवी.

दुसरी, थर काढल्यानंतरची दुरुस्ती. मूर आणि इव्हान्स यांनी १९५८ मध्ये दिलेली सूत्रं आहेत: दाबलेला थर काढला की उरलेल्याचा तोल बदलतो, ते भरून काढण्यासाठी. मोठ्या पार्टमध्ये छोटा खड्डा केला तर फरक नगण्य, पण बारीक शाफ्टचा पूर्ण घेर काढला तर नाही. दुरुस्ती केली की नाही ते रिपोर्ट सांगत नाही, विचारलं की लगेच सांगतात. मग छापायला काय हरकत आहे?

तिसरी जरा गंभीर. खूप कडक स्टीलचं शिखर इतकं रुंद असतं की त्यांच्या डिटेक्टरच्या वरच्या टोकाला त्याचा पायथा कापला जातो. पार्श्वभूमी नीट बसत नाही आणि शिखराची जागा थोडी ओढली जाते. कार्बुराइज केलेल्या (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेल्या) गिअरवर मला हे दोनदा वेगवेगळ्या पद्धतींनी फिट करून घेतल्यावर दिसलं. त्यांनी मान्य केलं आणि आता अशा नमुन्यांचं कच्चं प्रोफाइलही पाठवतात. तुम्हीही ते मागा. त्याच गिअरच्या केसमध्ये, म्हणजे कडक केलेल्या वरच्या थरात, रिटेन्ड ऑस्टेनाइट (मार्टेन्साइटमध्ये न बदललेला भाग) असेल तर त्याचा स्ट्रेस वेगळ्या थरांवर, क्रोमियमच्या के-अल्फा किरणांनी २२० शिखरावर, टू-थीटा १२९ च्या जवळ मोजावा लागतो. ते करतात, पण नेहमीच्या पॅकेजमध्ये ते नाही. ऑस्टेनाइट नगण्य असेल तर सोडून द्या. लक्षणीय असेल तर फक्त मार्टेन्साइटचा आकडा म्हणजे अर्धीच हकीगत.

फोर्जिंगच्या मध्यभागी, काही सेंटिमीटर आत काय आहे हे जाणून घ्यायचं असेल तर इथे येऊ नका; ते न्यूट्रॉनचं काम. जाड दाण्याच्या कास्टिंगला होल ड्रिलिंग बरं. पण पीनिंग, ग्राइंडिंग, कडक केलेला पृष्ठभाग किंवा प्रेसवर सरळ केलेला शाफ्ट असेल तर निःशंक पाठवा. सरळ केलेल्या शाफ्टला घेराभोवती चार जागी रीडिंग सांगा, कारण जी बाजू ताणली गेली होती तिथे नंतर दाब उरतो आणि समोरच्या बाजूला ओढ, आणि एकाच जागचं रीडिंग घेतलं तर यातली कुठली बाजू मिळाली ते कळणारच नाही. ऑर्डर देताना भुकटीचं रीडिंग, अधिक-उणे दोन्ही कलांचा आलेख, शिखराची रुंदी, वापरलेला स्थिरांक आणि थरदुरुस्तीचा उल्लेख हे सगळं खरेदीच्या कागदावरच लिहून टाका.